चार काळ्या ओळी

नसीमआपाशी ओळख व्हायची ती चिमटा बसून. समोरची बाई आपलं नाव-गाव सांगेस्तोवर आपाचा हात तिच्या कानामागे पोचलेला असायचा आणि एक केस मुळासकट आपाच्या बोटांत आलेला असायचा. मग तुम्ही 'आई गं' म्हणा नाहीतर पोलिसांना बोलवा, आपाचं सारं लक्ष त्या केसाकडे. तो उजेडाला धरायचा, थुंकीनं बोट ओलं करून त्यावरून फिरवायचं, दोन्ही अंगठ्यांत पकडून हलकेच ताणायचा, आणि जो निकाल लागेल तो भर बाजारात मोठ्यानं सांगायचा.

माझा निकाल लागला तो गादीच्या दुकानात. कृषी सहायक म्हणून माझी पहिली नेमणूक धामणगाव बढ्याला झाली होती. भाड्याची खोली मिळाली, पण जमिनीवर किती दिवस झोपणार, म्हणून बाजारातल्या रशीदभाईंच्या दुकानात गादी सांगायला गेले. रशीदभाई कापूस हातात घेऊन त्याचे गुण सांगत होते, मी मान डोलवत होते, तेवढ्यात मागून चिमटा बसला.

"ओरडू नका वो बाई, एकच घेतला," मागून आवाज आला. चाळिशीची, ठेंगणी, ओढणी कपाळावर घट्ट आवळलेली एक बाई माझा केस ताणत उभी होती. केस टपकन तुटला. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "कवडी."

कवडी म्हणजे बोंडातच किडून पिवळा पडलेला कापूस, ज्याच्याकडे व्यापारी ढुंकूनही बघत नाही. शासनानं मला गावची कपाशी वाचवायला पाठवलं होतं आणि गावानं पहिल्याच दिवशी माझी प्रतवारी करून टाकली.

"नसीम, गिऱ्हाईक माह्यं हाये," रशीदभाई म्हणाले.

"गादी तुमची, भाईजान. डोस्कं माह्या खात्यातलं हाये."

रशीदभाई हे आपाचे थोरले दीर. आपाचा नवरा सुरतेला कापडाच्या गिरणीत होता, ईदला यायचा, बाकी वर्षभर फोनवर असायचा. दुकानाचा पुढचा अर्धा भाग गाद्यांचा, तिथे कापूस पिंजायचं यंत्र दिवसभर घरघरत असे. मधे प्लायवूडची भिंत, आणि मागच्या अर्ध्या भागात 'न्यू रोशनी लेडीज पार्लर'. भिंत वरपर्यंत पोचलेली नव्हती. त्यामुळे पिंजलेला कापूस वरून तरंगत पार्लरमध्ये यायचा आणि डोकं काळं करून घेतलेली बाई बाहेर पडताना पुन्हा पांढरी झालेली असायची. आपा दारातच तिला टॉवेलनं झटकायची.

ही जागा सुखासुखी मिळालेली नव्हती. रशीदभाई माणूस भला, पण गावाला भिणारा. गावाच्या लेकी-सुनांच्या डोक्यांशी खेळ म्हणजे निखाऱ्याशी खेळ, असं त्यांचं मत. त्यांनी उद्घाटनाच्या दिवशी एक नवंकोरं पितळी कुलूप आणलं, पार्लरच्या दाराशी खिळा ठोकून त्याला ते अडकवलं आणि सांगितलं, "नसीम, एक तक्रार आली ना, फक्त एक, का हे कुलूप दाराले लागलं समज." आपानं "हाव भाईजान" म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्या कुलपाच्या कडीत केसांची रबरं अडकवायला सुरुवात केली. लाल, पिवळी, जांभळी. आलेल्या गिऱ्हाइकाला ते कुलूप आहे हे सांगूनसुद्धा पटत नसे. आपाला मात्र ते रबरांच्या आड दिसत असायचं. त्या खोलीबाहेर तिला स्वतःचं म्हणता येईल असं काही नव्हतं. ते तिनं मला एकदाच सांगितलं, तेही भुवया कोरता कोरता, म्हणजे मला मान वर करून तिच्याकडे बघता येऊ नये.

आपाचं माहेर खामगावचं, घरात पिढ्यान् पिढ्या पिंजाऱ्याचा धंदा. लहानपणी ती कापसाच्या ढिगात झोपायची, मोठेपणी तिथल्याच एका पार्लरात काम शिकली. त्यामुळे तिच्या लेखी केस आणि कापूस हे एकच पीक. "कापूस वावरात पिकते, केस डोस्क्यात. दोन्हीले पानी पायजे, अन् दोन्हीले औषधाची चटक लागली का मालक बरबाद," असं ती म्हणायची. केस बघून तिनं माणसाचं चरित्र सांगावं आणि आपण ऐकावं. त्यातलं निम्मं चूक असायचं. माझ्या केसांवरून तिनं मी तापट आहे, बेसन जास्त खाते आणि मला दोन भाऊ आहेत असं सांगितलं. मला एक बहीण आहे आणि बेसनानं पोट बिघडतं. तापट आहे हे खरं, पण ते केस उपटल्यावर कोणीही सांगेल.

त्या वर्षांत घरोघरी मोबाइल आले आणि मोबाइलमधून सोनेरी केस आले. कपाशीला आधीची काही वर्षं बरी गेली होती, लग्नंही दणक्यात झाली होती. पोरी फोनमधला फोटो आपापुढे धरायच्या: "आपा, असं पायजे." आपा फोटो लांब धरून बघायची.

"हे बाई विलायतची हाये, बेटा. तू तरोड्याची हायेस. तिच्या डोस्क्यावर ऊन पडत नाई, तुह्या डोस्क्यावर पाट्या पडतात. बस, सांगतो तुले."

मग वर्ग सुरू व्हायचा. केस उजळायच्या रीती आपाच्या हिशेबानं चार. पहिली टोपी: भोकं असलेली रबरी टोपी डोक्यावर ताणून बसवायची आणि क्रोशाच्या सुईनं एकेका भोकातून थोडे थोडे केस वर ओढून तेवढ्यांनाच औषध लावायचं. "हे टोबणी. भोक तिथं दाणा. भोळ्या पोरीयसाठी." दुसरी पन्नी: केसांची बट वेगळी करून, औषध लावून चांदीच्या कागदात गुंडाळायची. "हे ठिबक. जिथं पायजे तिथंच. पण बसा लागते, ज्याले धीर नाई त्यानं करू नाई." तिसरी हातची: ब्रशनं नुसतं वरवर ओढत न्यायचं, मुळाशी काळं आणि टोकाशी उजळ. "हे फवारणी. वारा पाहून करा लागते. हात चुकला का शेजारच्याच्या वावरात." आणि चौथी सरसकट, म्हणजे सगळं डोकं एकदम. ती आपा कधीच करायची नाही. "सरसकट देतो म्हनते सरकार, अन् तेही देत नाई. मी कायले देऊ?"

एवढं सांगून झाल्यावर पोरीला वाटायचं, आता आपण निवडायचं. तसं नव्हतं. निवड करायच्या आधी आपाचा एकच प्रश्न असे: "सासूची नजर कशी हाये?" सासूला मोतीबिंदू असेल तर पन्नी. चष्मा असेल तर हातची. सासू विनाचष्म्याची सुईत दोरा ओवत असेल तर, "घरी जा बेटा, तेल लाव, वेणी घाल." लग्न न झालेल्या पोरीच्या बाबतीत सासूऐवजी आजी धरायची, आणि आजीचे डोळे हमखास चांगले निघायचे.

स्वतः आपानं काय केलंय, हे मात्र कोणी पाहिलं नव्हतं. ओढणी घरीदारी डोक्यावर असे. भांगाची बोटभर काळी कड दिसायची तेवढीच. "आपा, तू कोणतं करून घेतलंस?" असं विचारलं की ती डोळे मिचकावायची. "हलवाई आपली मिठाई खाते का?"

मीही एकदा हट्ट धरला होता. तेव्हा मी दर महिन्याला पुडीतली काळी मेहंदी लावायचे. आपानं पुन्हा चिमटा काढला, तो केस वाटीतल्या ब्लीचमध्ये टाकला आणि वाटी माझ्या तळहातावर ठेवली. थोड्या वेळानं वाटीत बुडबुडे आले. मग ती कोमट लागू लागली. मग मला ती खाली ठेवावी लागली. "पाह्यलं? कढी उकळून राह्यली. त्या पुडीत काय काय मिसळते अल्लाले ठाऊक. हे तुह्या डोस्क्यावर लावलं असतं तं तुहा मेंदू शिजला असता. असंन तितका." त्या दिवसापासून मेहंदी बंद झाली, आणि आमची दोस्ती झाली.

आता माझ्या नोकरीचं थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढची भानगड कळणार नाही. बीटी कपाशीच्या पाकिटाबरोबर त्या वेळी साध्या कपाशीची एक लहान पुडी यायची. ती शेताच्या चारही बाजूंनी पट्ट्यासारखी पेरायची. म्हणजे बोंडअळीला खायला थोडं बिनविषारी पीक राहतं, ती तिथे चरते, आणि बीटीच्या झाडातच असलेल्या विषाला सरावत नाही. हे मी गावोगाव भित्तिपत्रक टांगून सांगत होते. चित्रात मधे हिरवं शेत आणि भोवती काळ्या रेघा. लोक ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे आणि पुडी उकिरड्यावर टाकायचे. एका म्हाताऱ्यानं तर विचारलं, "मॅडम, अळीसाठी आमी काय अन्नछत्र उघडलं का?" मला उत्तर येत होतं, पण सभा हसायला लागली होती.

अळी सरावली. एका हंगामात बोंडं बाहेरून टपोरी, हिरवीगार, आणि फोडली की आत गुलाबी अळी. बायका वेचायला गेल्या त्या रिकाम्या ओट्या घेऊन परतू लागल्या. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची झाडं, उपटून लोकांनी बांधावर टाकल्या. ठरलेली लग्नं पुढे गेली, काही मोडली. गुलाबी हा शब्दच गावात अपशकुनी झाला. एका दुकानदारानं गुलाबी साड्या आतल्या फळीवर ठेवल्याचं मी स्वतः पाहिलं.

त्या हंगामात जी थोडी लग्नं टिकली त्यातलं एक प्रतीक्षाचं. गावातल्या मंदाकाकूंची ही एकुलती एक पोर, मुलगा देऊळगाव राजाकडचा, नोकरीवाला. काकू नवस बोलत दिवस काढत होत्या की हे लग्न तरी पार पडू दे. मुलाकडची माणसं शकुन-अपशकुन फार मानणारी. मुलानं मात्र फोनवर हौस सांगितली होती, थोडे केस सोनेरी कर. काकूंनी नाही-हो करत परवानगी दिली: "दिसलं न दिसलं असं करजो वो नसीम." आणि हळदीच्या आदल्या दिवशी लेकीला घेऊन स्वतः आल्या. लेक आत गेली, काकू पुढे रशीदभाईंपाशी रुखवताची गादी निवडत बसल्या.

दुपारी मला आपाचा फोन आला. आवाज अगदी हळू. "मॅडम, लवकर ये. बियानं उगवलं."

मी भित्तिपत्रकाची पिशवी खांद्याला तशीच घेऊन पोचले. काकूंनी "या मॅडम" म्हटलं. मी आत गेले. प्रतीक्षा खुर्चीवर, मान खाली, पुढचे आणि वरचे केस चिमट्यांनी वर बांधलेले, अजून काळेभोर. खालचे, मानेकडचे केस उघडे. त्यांत सोनेरीचा पत्ता नव्हता. लांबच लांब गुलाबी पट्टे होते. पिकल्या पेरूच्या गरासारखे गुलाबी.

झालं होतं असं. लग्नसराईत चांदीच्या कागदाचं भेंडोळं संपलेलं. पण आपानं बियाण्याची रिकामी पाकिटं जपून ठेवलेली होती. आतून चकचकीत चांदीची, जाडजूड. "पन्नीपेक्षा मजबूत," म्हणून तिनं ती धुतली, कापली आणि वापरली. बियाण्याला जे औषध चोळतात त्याला ओळखू यावं म्हणून भडक रंग दिलेला असतो. तो धुऊनही पाकिटांना आतून चिकटून होता. ब्लीचनं त्याला जागं केलं आणि तहानलेल्या केसांनी तो पिऊन टाकला.

"आपा, ते विष आहे!" मी म्हटलं.

"हळू!" आपानं माझ्या तोंडावर हात ठेवला, कारण त्याच क्षणी बाहेरचं यंत्र थांबलं होतं. भिंतीपलीकडून काकूंचा आवाज स्वच्छ आला: "कापूस बरा टाकजा भाऊ, पोरगी पैल्यांदाच सासरी जाऊन राह्यली."

यंत्र पुन्हा घरघरलं की आम्ही बोलायचो. थांबलं की तिघीही मुक्या. केस आधी धुतले, पुन्हा धुतले, आणखी धुतले. पाणी स्वच्छ जायला लागलं, गुलाबी हललं नाही.

"काळा रंग लाव," यंत्र चालू असताना मी म्हटलं.

आपानं एक गुलाबी केस ओढून काढला, ओला करून ताणला. तो रबरासारखा लांबला आणि लांबलेलाच राहिला. "आता याच्यावर अजून काई टाकलं तं मांडवात पोरगी टकली उभी राहीन."

"काप मग."

"एवढे? अन् माय बाहेर बसली हाये." यंत्र थांबलं. आपाची नजर दाराशी गेली, रबरांनी भरलेल्या त्या कुलपाकडे. लोकांच्या डोक्यांना हात घालणारी ही बाई त्या क्षणी इतकी लहान दिसली की मला रडू येऊ लागलं.

यंत्र सुरू झालं. इतका वेळ मान खाली घालून बसलेल्या प्रतीक्षानं हातआरसा उचलला, मागच्या आरशात बघितलं, डोकं इकडून तिकडे वळवलं आणि म्हणाली, "आपा, मले तं आवडलं."

"चूप बस! आवडलं म्हने! तुही सासू तुले बोंडअळी म्हनीन."

"पन आवडलं."

मी काहीतरी पुसायला कापड शोधत पिशवीत हात घातला आणि भित्तिपत्रक बाहेर येऊन उलगडलं. आपाची नजर त्यावर पडली. इतके महिने ते माझ्या खांद्यावर तिच्या दुकानात यायचं, पण तिनं ते कधी पाहिलं नव्हतं.

"हे भवतालचं काळं काय व्हय?"

मी सवयीनं सांगून गेले. साधी कपाशी. चारी बाजूंनी. अळी तिथे चरते, मधलं पीक वाचतं.

आपा चित्राकडे बघत राहिली. मग प्रतीक्षाच्या डोक्याकडे. मग तिच्या तोंडावर हळूहळू ते हसू पसरलं, जे केस उपटायच्या आधी पसरायचं.

"मॅडम, अळीले चरायले पायजे, तसं लोकायच्या नजरेलेही चरायले काई पायजे. भवताल चार काळ्या ओळी ठेवायच्या. नजर तिथं चरते, पोट भरते, निघून जाते. अंदर तुहं वावर, तुही मर्जी."

तिनं वरचे चिमटे सोडले. वरचा थर, पुढचे केस, कानांपुढच्या बटा, सगळं काळंभोर होतंच. त्यांना तेलाचा हात दिला, ते चहूबाजूंनी खाली ओढले, गुलाबी सगळं आत घेतलं, मानेलगतची एक काळी बारीक ओळ खालून वर वळवली आणि असा अंबाडा बांधला की मी डोळ्यादेखत पाहिलेलं मलाच खरं वाटेना. मी ज्यांना महिनोन् महिने समजावलं त्यांच्यापैकी एकानंही तो पट्टा पेरला नव्हता. अख्ख्या सर्कलमध्ये माझी शिफारस शंभर टक्के अमलात आली ती एका डोक्यावर.

बाहेर आल्यावर मंदाकाकूंनी लेकीला उजेडात उभं केलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं. रशीदभाईही यंत्र थांबवून बघू लागले.

"काऊन वो नसीम? काईच दिसत नाई."

"तुमीच सांगतलं ना काकू, दिसलं न दिसलं असं कर म्हून? हे 'न दिसलं'मधलं हाये."

काकूंचं समाधान झालं. लग्न झालं. मांडवात कोणाची नजर आत शिरली नाही. पण खरा घोर पुढेच होता. हळद उतरवायच्या दिवशी सासरच्या बायका नवरीला डोक्यावरून न्हाऊ घालतात, म्हणजे अंबाडा सुटणारच. त्या दिवशी आपानं पार्लर उघडलं, पण एकही गिऱ्हाईक घेतलं नाही. कुलपाची रबरं काढायची, पुन्हा अडकवायची, असं चाललं होतं. फोन वाजला की मलाच उचलायला सांगायची. संध्याकाळपर्यंत काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

प्रतीक्षा माहेरपणाला आली तेव्हा तिच्याबरोबर तिची नणंद होती. दोघी सरळ पार्लरात. आपा मला नंतर म्हणाली, "मले वाटलं, तक्रार पायानं चालत आली." नणंदेनं दार लोटून घेतलं, बाहेरचं यंत्र सुरू व्हायची वाट पाहिली आणि हळूच म्हणाली, "आपा, वहिनीला केलं ते गुलाबी मलाही करा. न्हाऊ मीच घातलं, आईला पाहू नाही दिलं. फक्त आतून करा."

आपा म्हणाली, "नाई होत बेटा. तो वाण कंपनीनं बंद केला."

त्यानंतर 'अंदरचं' करून घ्यायला आजूबाजूच्या गावांतून बायका यायला लागल्या. गुलाबी नव्हे, सोनेरी, मधाळ, तांबूस. शिक्षिका, नर्सबाई, एका सरपंचाच्या सूनबाई. वरून सगळ्या सारख्या. एखाद्या मयतीला किंवा हळदीकुंकवाला शेजारी शेजारी बसलेल्या बायकांकडे बघून मला हसू दाबावं लागायचं, कोणाच्या आत काय आहे हे मला माहीत असायचं म्हणून.

एक नवं खूळ मात्र आपानं त्या लग्नापासून सुरू केलं. कोणी काही करायला आलं की लगेच करायची नाही. केस उपटायची, ताणायची, टोपी की पन्नी की हातची ते ठरवायची, आणि मग सांगायची, "परवा ये. माल खामगावहून यायचा हाये." पोरी हिरमुसून जायच्या. माल कपाटातच असायचा. मी बाटल्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. "आपा, उगाच भाव खातेस," असं मी म्हटलं की ती हसायची आणि ओढणी कानामागे अजून घट्ट खोचायची. मला वाटायचं, मोठं पार्लर झाल्याचा हा तोरा आहे.

पुढे माझी बदली देऊळगाव राजाला झाली. निघताना आपानं मला खुर्चीत बसवलं, केस ताणला, तो तुटला नाही. "आता धागा झाला," ती म्हणाली, आणि परवा ये असं सांगून परवा खरंच केलं. कानामागे आत, एक सोनेरी ओळ. आमच्या कार्यालयात ती आजतागायत कोणाला ठाऊक नाही.

आपा गेल्याचा फोन प्रतीक्षाचा आला. छातीत कळ आली, बुलढाण्याला नेईपर्यंत संपलं. मी मिळेल त्या बसनं निघाले, पण मोताळ्यापुढे बस रखडली. पोचले तेव्हा पुरुषमंडळी कब्रस्तानात गेली होती. आत बायका बसल्या होत्या. आपाची जाऊ, रशीदभाईंची बायको, जिला सगळे बडीभाभी म्हणत, तिनं मला हाताला धरून शेजारी बसवलं. बराच वेळ नुसती रडत होती. मग माझ्या कानाशी आली.

"मॅडम, मय्यतले न्हाऊ घालताना जे दिसते ते सांगू नाई म्हनतात. पन हे काई ऐब नव्हतं, म्हून सांगतो. मीनंच न्हाऊ घातलं तिले. केस सोडले वेणी घालायले. वरून काळे. अन् खाली…" तिला रडता रडता हसू येऊ लागलं. "एक ओळ सोनेरी. एक तांब्यावानी. एक मधावानी. एक नुसती जळून गेलेली, बोटभर उरलेली. एकाले टोपीची भोकं, एकाले पन्नीचे पट्टे, एक हातानं ओढलेली. आठ-दहा वर्षं एका घरात राह्यली माह्यासंग, मले पत्ता नाई. अन् उजव्या कानामागं एक गुलाबी."

आम्ही कृषी खात्यात नवं औषध लोकांच्या शेतात देण्याआधी एका लहान तुकड्यावर लावून बघतो. तो जळला तर तेवढाच जळतो. परवा ये. माल खामगावहून यायचा हाये. त्या दोन दिवसांत ओढणीच्या आत काय चाललेलं असायचं, हे माझ्या आत्ता ध्यानात आलं. माझी सोनेरी ओळही आधी तिच्या डोक्यात उगवली असणार. मला ते सहन होईना आणि मी तिथेच हुंदके देऊन रडले. बायकांना वाटलं, मॅडमचा जीव होता.

होताच.

संध्याकाळी निघताना मी दुकानाशी थांबले. रशीदभाई कब्रस्तानातून आले होते. यंत्र बंद होतं. ते पार्लरच्या दाराशी उभे राहून, कुलूप खिळ्यावरून उतरवून त्याच्या कडीतली रबरं एकेक काढत होते आणि खिशात टाकत होते. पितळ कोरं करकरीत होतं. किल्लीही त्याच खिळ्याला, कागदातून न काढलेली.

"मॅडम," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमी सारं गाव फिरत होते. खरं सांगा. कोनाची एक तरी तक्रार होती का तिची?"

"एक होती," मी म्हटलं. "माझीच. न विचारता केस उपटायची."

रशीदभाई वळले. डोळे पुसत होते, पण ओठ हसत होते. त्यांनी हळूच स्वतःच्या पांढऱ्या दाढीवरून हात फिरवला.

"ते काय तक्रार हाये? माह्या दाढीचाही उपटला होता तिनं. म्हने, भाईजान, एक लंबर माल हाये."

त्यांनी खिशातली रबरं बाहेर काढली, एकेक करून पुन्हा कडीत अडकवली आणि कुलूप परत खिळ्याला लटकवलं. मग दार नुसतं लोटून घेतलं आणि यंत्राशी जाऊन बसले.